रेघ न गिरवता जंगलाची फेरी

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात उन्हाळा सुरू होण्याआधी दरवर्षी एक काम करावं लागतं, जाळरेषांचं. एका कक्षाला दुसऱ्यापासून वेगळं करणाऱ्या पट्ट्यावरचं गवत आणि पालापाचोळा माणसांच्या देखरेखीखाली जाळून टाकतात. पुढे वणवा पेटलाच, तर या पट्ट्यावर त्याला खायला काही उरत नाही. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम. या काळात सागाची पानं गळून पट्ट्यावर पुन्हा पडत राहतात. म्हणून जाळरेषा एकदा साफ करून भागत नाही, तिच्यावरून चालत जाऊन ती पाहावी लागते.

आता प्रश्न असा, की वनरक्षकानं आपल्या मुक्कामावरून निघावं, प्रत्येक जाळरेषेवरून जावं, एकही रेषा दोनदा चालू नये आणि शेवटी मुक्कामी परत यावं. हे जमेल का?

असाच प्रश्न अठराव्या शतकात कोनिग्सबर्ग शहरात लोकांना पडला होता. हे शहर आज कालिनिनग्राड या नावानं रशियात आहे. तिथे प्रेगेल नदीमुळे जमिनीचे चार तुकडे झाले होते आणि ते सात पुलांनी जोडलेले होते. सातही पूल एकेकदाच ओलांडून फिरून येता येईल का? लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञानं १७३५ साली सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे उत्तर मांडलं: नाही. आणि हे सांगायला त्यानं एकही फेरी मारून पाहिली नाही. त्यानं फक्त मोजलं.

त्याचं म्हणणं साधं आहे. कोणत्याही नाक्यावर आपण एका वाटेनं येतो आणि दुसऱ्या वाटेनं जातो. म्हणजे दर वेळी दोन वाटा खर्ची पडतात. निघालो तिथेच परतायचं असेल, तर निघतानाची वाट आणि परततानाची वाट यांचीही जोडी जमते. तेव्हा प्रत्येक नाक्यावर मिळणाऱ्या वाटांची संख्या सम हवी. कोनिग्सबर्गच्या चार तुकड्यांना अनुक्रमे पाच, तीन, तीन आणि तीन पूल होते. चारही विषम!

उलट बाजूही खरी आहे. सगळे नाके सम असतील आणि सगळ्या वाटा एकमेकींना जोडलेल्या असतील, तर अशी फेरी निघतेच. याची सिद्धता कार्ल हिअरहोल्झर या जर्मन गणितज्ञाची, १८७३ साली प्रसिद्ध झालेली. तिच्यातच फेरी काढायची रीतही आहे. कुठूनही निघा, न चाललेल्या वाटेनं चालत राहा, तुम्ही निघाल्या जागीच येऊन थांबाल. काही वाटा उरल्या, तर फेरीतल्या ज्या नाक्याला त्या लागतात, तिथून दुसरी फेरी काढा आणि पहिलीत गुंफून टाका.

आता आपल्या जंगलाकडे येऊ. फुल्ली-गोळ्याच्या खेळासारखे तीन ओळींत नऊ चौरस कक्ष कल्पा, बाहेरची कडही धरा. प्रत्येक कक्षाची बाजू एक किलोमीटर. जाळरेषांचे तुकडे भरतात चोवीस, म्हणजे २४ किलोमीटर. चार कोपऱ्यांवर दोन-दोन रेषा मिळतात, आतल्या चार नाक्यांवर चार-चार. पण कडेच्या आठ नाक्यांवर तीन-तीन. म्हणजे २४ किलोमीटरांत फेरी पुरी होणार नाही.

मग किती चालावं लागेल? १९६० साली चीनचे गणितज्ञ ग्वान मेइगू यांनी टपाल वाटणाऱ्या पोस्टमनच्या संदर्भात हाच प्रश्न विचारला. विषम नाक्यांच्या जोड्या लावायच्या आणि जोडीतल्या दोघांमधली वाट दुसऱ्यांदा चालायची. जोड्या अशा लावायच्या, की जादा चाल कमीत कमी होईल. आपल्या उदाहरणात प्रत्येक कडेवर दोन विषम नाके शेजारी-शेजारी आहेत. त्यांच्यामधला एकेक किलोमीटर पुन्हा चालला, की चार किलोमीटर वाढतात. एकूण २८. आठ नाक्यांच्या चार जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीला किमान एक किलोमीटर लागतोच, तेव्हा याहून कमी शक्य नाही.

याउलट, नऊ कक्षांभोवती एकेक प्रदक्षिणा घातली, तर चाल होते ३६ किलोमीटर. आठ किलोमीटरांचा फरक! चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा पाठीवर पाण्याची बाटली घेऊन चालणाऱ्याला हा फरक कळतो. आणि वाचलेल्या वेळात आणखी एखादी रेषा पाहून होते.

खरं जंगल चौकोनी नसतं, हे मान्य. मध्ये नाले येतात, डोंगर येतात, वाघाचा वावर असतो. तेव्हा किलोमीटरऐवजी लागणारा वेळ मोजावा. रीत तीच राहते.

हाच नियम रस्त्यांबद्दलही काही सांगतो. आलापल्लीकडून भामरागडला येणारा रस्ता पर्लकोटा नदी ओलांडतो. अनेक पावसाळ्यांत या पुलावरून पाणी गेलं आणि पलीकडच्या गावांचा संपर्क तुटला. दोन भागांना जोडणारा पूल एकच असेल, तर एकदाच ओलांडायची फेरी तिथे मुळातच होत नाही. गेलेल्याला त्याच पुलावरून यावं लागतं. जिथे अशी फेरी निघते, तिथे कोणतीही एक वाट बंद पडली तरी गावाला दुसरी वाट असतेच. गणिताच्या भाषेतला हा दुसरा रस्ता बाळंतिणीला दवाखान्यात नेणाऱ्यांच्या दृष्टीनं फार मोठा असतो.

एक खबरदारी मात्र घ्यावी. लसीकरणाच्या पथकाला प्रत्येक गाव गाठायचं असतं, प्रत्येक रस्ता नव्हे. तो प्रश्न वरवर सारखा दिसला तरी वेगळा आहे. प्रत्येक गावी एकदाच जाऊन परत येणारी फेरी आहे की नाही, हे ठरवायला सम-विषमासारखी सोपी कसोटी आजवर कुणाला सापडलेली नाही. जाळरेषांच्या बाबतीत ती आपल्या हातात आहे. नियतक्षेत्राचा नकाशा घ्यावा, प्रत्येक नाक्यावर किती रेषा मिळतात ते लिहावं आणि विषम आकड्यांभोवती पेन्सिलीनं गोल करावा. हे काम फेब्रुवारीपूर्वी एका दुपारी होण्यासारखं आहे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)