माशीचं नाव आणि साखरेचा पैसा



 

मला बोलायचंय ते मेगाफ्रॅग्मा या प्रजातीबद्दल. तुमच्यापैकी बहुतेकांनी ती पाहिलेली नसेल. यातली मेगाफ्रॅग्मा मायमरिपेन्ने ही परजीवी गांधीलमाशी जेमतेम ०.२ मिलिमीटर लांब, म्हणजे एकपेशीय पॅरामेशियमच्या बरोबरीची. पण हिला डोळे आहेत, झालरीसारखे पंख आहेत, आतडं आहे, मेंदूही आहे. फुलकिड्याचं अंडं ती हुडकून काढते, त्यात आपलं अंडं घालते आणि तिच्या पिल्लाची सगळी वाढ त्या परक्या अंड्यातच उरकते. २०१२ साली अलेक्सेई पोलिलोव्ह या रशियन संशोधकाने तिच्या चेतासंस्थेची मोजदाद प्रसिद्ध केली. चेतापेशी सुमारे ७,४००. मधमाशीच्या त्या लाखोंच्या घरात असतात. त्याहून नवलाची गोष्ट अशी, की कोशातून बाहेर पडण्यापूर्वी यातल्या ९५ टक्क्यांहून अधिक पेशींची केंद्रकं विरघळून जातात. डोक्यात जागाच नाही, म्हणून! केंद्रकाविना पेशीने काम करावं, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो त्यात बसत नाही. पाचएक दिवसांच्या प्रौढ आयुष्याला पुरेल एवढी प्रथिनांची शिदोरी कोशातच बांधून झालेली असणार.

आता जरा पैशाचं बोलू. या प्रजातीला १९२४ साली हवाई बेटांवर नाव दिलं ते कीटकशास्त्रज्ञ टिंबरलेक यांनी, आणि तिथल्या वर्षांत त्यांचा पगार निघत होता ऊसमळेवाल्यांच्या संघटनेच्या प्रयोगकेंद्रातून. हा योगायोग नव्हे. जावा बेटावरही ऊस संशोधन केंद्रात झेन्टनर नावाचे स्विस शास्त्रज्ञ होते. त्यांनी १८९७ मध्ये उसावरच्या लोकरी माव्याला नाव दिलं आणि १९०० मध्ये त्याच माव्यावर जगणाऱ्या एन्कार्सिया फ्लॅवोस्क्युटेलम या इवल्या गांधीलमाशीला. २००२ मध्ये तोच मावा सांगली भागात उसावर पांढऱ्या थरांनी पसरला, तेव्हा शत्रूचं नाव शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं होतं आणि मित्राचंही. डिफा आणि मायक्रोमस या भक्षक कीटकांबरोबर आसामातून आणलेली ती एन्कार्सिया कामी आली. जावातल्या साखरेने नोंदवून ठेवलेलं ज्ञान आपण फुकटात वापरलं.

नाव चुकलं तर काय होतं, त्याचाही दाखला घरचाच आहे. ट्रायकोकार्ड इथल्या प्रत्येकाला माहीत आहे; एका कार्डावर सुमारे २० हजार परजीवीयुक्त अंडी. या कार्डांवरची परजीवी माशी ट्रायकोग्रामा ही मेगाफ्रॅग्माच्याच कुळातली. आपल्याकडे वर्षानुवर्षं ती कधी मिन्युटम, कधी ऑस्ट्रॅलिकम अशा नावांखाली वाढवली आणि सोडली गेली. नराच्या जननांगांवरूनच जाती नीट ओळखता येतात, हे बंगळुरूत सुधा नागरकट्टी आणि एच. नागराज यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं आणि पुढे किलोनिस हे नाव रूढ झालं. त्याआधीच्या किती प्रयोगांचे निष्कर्ष नेमक्या कोणत्या माशीबद्दलचे मानायचे? माझ्या मते त्यातले पुष्कळसे बाद धरावेत.

आज आपल्याकडे कार्डं बनवणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, त्यांना अनुदानं आहेत. पण या आकाराच्या माश्या काचपट्टीवर चढवून ओळखणारी माणसं निवृत्त होताहेत आणि त्यांच्या जागा भरल्या जात नाहीत. काचपट्टीवर माशी नीट बसवायचा हात बसायलाच वर्षं लागतात. कंत्राटी नेमणुकीच्या अकरा महिन्यांत तो बसत नाही. जनुकीय तपासणीने हे काम सुटेल, असं कुणी म्हणेल. तपासणी जरूर करा. पण जुळवून पाहायला खात्रीने ओळखलेला मूळ नमुना कपाटात असावाच लागतो.

महाराष्ट्रात दोनशेच्या आसपास साखर कारखाने गाळप करतात. हवाईच्या आणि जावाच्या मळेवाल्यांना जे परवडलं, ते या दोनशेंना मिळून परवडणार नाही, हे मला पटत नाही. एक कायम पद, एक नमुनासंग्रह आणि तो सांभाळणारा एक मदतनीस, एवढीच मागणी आहे. कारखान्यांच्या शेतकी अधिकाऱ्यांनो, पुढच्या संचालक मंडळाच्या सभेत हा विषय तुम्ही मांडा. टिपण आम्ही लिहून देतो.