‘आहे’ आणि ‘हॅव’ : इंग्रजीतील पूर्ण वर्तमानकाळ
(शिक्षक-मेळाव्यातील व्याख्यान)



मराठी शाळेतील विद्यार्थी इंग्रजी लिहू लागला की त्याच्या वहीत काही ठराविक चुका पुनःपुन्हा आढळतात. ‘ही इज कम’, ‘आय हॅव सीन हिम यस्टर्डे’, ‘ही इज लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ ही त्यांतील नेहमीची वाक्ये. शिक्षक ती तांबड्या शाईने खोडतात, शुद्ध वाक्य वर लिहून देतात आणि पुढच्या आठवड्यात तीच वाक्ये पुन्हा समोर येतात. याला केवळ विद्यार्थ्याचा आळस कारणीभूत आहे असे समजणे अन्यायाचे होईल. या तिन्ही वाक्यांच्या मागे निर्दोष मराठी उभी आहे. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतून २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकविले जाते. त्यामुळे ही गाठ सोडविण्याचे काम आता प्राथमिक शिक्षकाकडे आले आहे.

प्रथम या क्रियापदाच्या रूपाचा विचार करू. मराठीत पूर्ण वर्तमानकाळ ‘असणे’ या धातूच्या साह्याने होतो : तो आला आहे, त्याने पत्र लिहिले आहे. इंग्रजीत हेच काम ‘हॅव’ हे क्रियापद करते, आणि त्याचा मूळ अर्थ ‘जवळ असणे’ असा आहे. प्राचीन इंग्रजीत ‘माझ्याजवळ पत्र लिहिलेले आहे’ अशा धर्तीची रचना होती. पुढे शब्दांचा क्रम बदलला, ‘जवळ असणे’ हा अर्थ पुसट झाला आणि ‘आय हॅव रिटन द लेटर’ हे आजचे रूप स्थिर झाले. मराठीत ‘हॅव’ला समानार्थी असे स्वतंत्र क्रियापदच नाही, ‘माझ्याजवळ आहे’, ‘मला आहे’ असे म्हणूनच आपला निर्वाह होतो. म्हणून ‘आला आहे’ याचे इंग्रजी करताना मुलाच्या तोंडी ‘इज’ येणे स्वाभाविक आहे. विशेष म्हणजे येणे-जाणे दाखविणाऱ्या क्रियापदांना इंग्रजीतही एकेकाळी ‘इज’च लागत असे. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलात ‘इज कम’ अशी रचना ठिकठिकाणी आढळते. आजच्या इंग्रजीत मात्र ‘ही हॅज कम’ हेच रूढ आहे आणि विद्यार्थ्याला तेच शिकविले पाहिजे.

येथेच आणखी एक अडचण येते. ‘रामाने पत्रे लिहिली आहेत’ या वाक्यात मराठी क्रियापद ‘पत्रे’ या कर्माप्रमाणे चालते. त्या सवयीने मूल ‘राम हॅव रिटन लेटर्स’ असे लिहिते. इंग्रजीत क्रियापद नेहमी कर्त्याकडे पाहते. राम एकटा, म्हणून ‘हॅज’. पत्रे एक असोत वा शंभर, त्याने काही बिघडत नाही.

आता अर्थाकडे वळू, कारण खरा घोटाळा तेथेच आहे. या रूपात घडून गेलेल्या गोष्टीचा आजच्या स्थितीशी संबंध सांगितलेला असतो. ‘आय हॅव लॉस्ट माय पेन’ म्हणजे पेन हरवले आणि अद्याप सापडलेले नाही. ‘आय लॉस्ट माय पेन’ यात केवळ हरवल्याची हकीकत आहे. पुढे ते सापडले की नाही, हे त्या वाक्यावरून कळत नाही. म्हणूनच घटनेची वेळ सांगणारा शब्द आला की इंग्रजी भाषा पूर्ण वर्तमानकाळ सोडून साधा भूतकाळ घेते. मराठीला हे बंधन नाही. ‘मी काल पैसे भरले आहेत’ हे वाक्य मराठीत अगदी सुरळीत आहे. इंग्रजीत मात्र ‘यस्टर्डे’बरोबर ‘हॅव पेड’ चालत नाही, ‘पेड’ एवढेच हवे. ‘टुडे’ हा शब्द मात्र ‘हॅव’बरोबर चालतो, कारण आजचा दिवस अजून संपलेला नसतो.

तिसरी गोष्ट ‘पासून’ची. ‘तो दहा वर्षांपासून येथे राहत आहे’ असे मराठी माणूस म्हणतो, कारण राहणे चालूच आहे. इंग्रजीत अशा वेळी ‘ही हॅज लिव्हड हिअर फॉर टेन इयर्स’ किंवा ‘ही हॅज बीन लिव्हिंग हिअर फॉर टेन इयर्स’ असे म्हणावे लागते. कालावधी मोजून सांगायचा असेल तर ‘फॉर’ आणि आरंभाचा क्षण सांगायचा असेल तर ‘सिन्स’ : ‘फॉर टेन इयर्स’, परंतु ‘सिन्स २०१५’. मराठीत दोन्हीकडे ‘पासून’ येत असल्यामुळे हा भेद मुद्दाम दाखवावा लागतो. यातून ‘हॅज’ गाळून ‘ही लिव्हड हिअर फॉर टेन इयर्स’ असे लिहिले, तर तो मनुष्य आता येथे राहत नाही असा अर्थ होतो. एका लहान शब्दाने माणसाचे बिऱ्हाड हलते!

याउलट एका बाबतीत मराठीचाच आधार घेता येतो. ‘तो पुण्याला गेला आहे’ आणि ‘तो पुण्याला जाऊन आला आहे’ यांतील भेद लहान मुलालाही समजतो. पहिल्याला ‘ही हॅज गॉन टू पुणे’ आणि दुसऱ्याला ‘ही हॅज बीन टू पुणे’. व्याकरणाची लांब व्याख्या सांगण्यापेक्षा ही दोन मराठी वाक्ये फळ्यावर लिहिणे अधिक उपयोगी पडेल.

वर्गात याची तयारी कृतीने करून घ्यावी. एका मुलाने उठून खिडकी उघडावी आणि ती उघडी असतानाच सर्वांनी ‘ही हॅज ओपन्ड द विंडो’ असे म्हणावे. मग ‘केव्हा?’ असा प्रश्न विचारावा. उत्तरात वेळ आली की ‘हॅज’ गळले पाहिजे : ‘ही ओपन्ड इट अ मिनिट अगो’. हा ‘केव्हा’चा प्रश्न हीच या पाठाची किल्ली होय. पुढे वही तपासताना नुसती काट न मारता, मुलाच्या मनातील मराठी वाक्य त्याच्याकडून वदवून घ्यावे आणि दोन्ही भाषा कोठे वेगळ्या होतात ते दाखवावे. आपण मूर्ख नसून आपली भाषा निराळ्या वाटेने जाते, हे उमजलेले मूल पुन्हा बोलायला धजते. वारंवार चुकीचे ठरविले गेलेले मूल गप्प बसते, आणि गप्प बसलेल्या मुलाला कोणतीच भाषा येत नाही.

याचे फळ पुढे दिसते. खेड्यातील मुलगा वा मुलगी नोकरीसाठी अर्ज लिहिते तेव्हा ‘आय हॅव पास्ड द एस. एस. सी. एक्झामिनेशन इन २०१९’ असे वाक्य हमखास येते. मनात ‘२०१९ साली उत्तीर्ण झाले आहे’ हे शुद्ध मराठी असते. परंतु अर्ज वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत चूक दिसते. साल लिहावयाचे असेल तर ‘आय पास्ड’, न लिहिल्यास ‘आय हॅव पास्ड’; नियम एवढाच आहे. तो पाचवी-सहावीच्या वर्गात समजावून दिला गेला, तर त्या अर्जाची पहिली ओळ तरी निर्दोष जाईल. शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्याच्या पाठीशी गावच्या शिक्षकाला असेही उभे राहता येते.