काचेच्या पेटीतील वारूळ



2024 सालच्या जानेवारीत मी इंग्लंडमधील लेस्टर येथे माझ्या भाच्याकडे काही दिवस राहावयास गेलो होतो. ग्वाल्हेरीच्या एका शाळेत मी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकविले. निवृत्तीनंतर त्या विद्येचा उपयोग एखाद्या सापाला होईल असे मला कोणी सांगितले असते, तर मी हसलो असतो. पण पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी भाच्याची तेरा वर्षांची मुलगी मला आपल्या खोलीत घेऊन गेली आणि म्हणाली, "आजोबा, राजा आजारी आहे का, सांगाल?"

राजा एका काचेच्या पेटीत राहत होता. लांबी सुमारे सव्वातीन फूट, अंगावर काळ्या रंगात सोनेरी-तपकिरी ठिपके, स्वभाव अत्यंत भिडस्त. इंग्लंडमध्ये या सापाला रॉयल पायथन म्हणतात. अमेरिकेत त्यालाच बॉल पायथन म्हणतात, कारण भय वाटले की तो डोके आत घेऊन अंगाचा चेंडू करतो. चावणे त्याला ठाऊक नाही असे नव्हे. परंतु चेंडू होणे त्याला अधिक पसंत असते. राजाने दोन दिवसांपूर्वी कात टाकली होती आणि ती एकसंध न निघता तुकड्यातुकड्यांनी निघाली होती. शेपटीच्या टोकाला जुन्या कातडीचे कडे अडकून राहिले होते आणि उजवा डोळा काचेवर धूळ बसावी तसा मंद दिसत होता. मुलीच्या हातात चिमटा होता. मी तो प्रथम काढून घेतला.

या सापाचे मूळ घर पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील गवताळ मुलखात, सेनेगालपासून युगांडापर्यंतच्या पट्ट्यात आहे. घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून तो फार मोठ्या संख्येने परदेशी जात आला. तेथे बाहेरचे ऊन कडक असते. परंतु दिवसाचा बहुतेक वेळ हा प्राणी उंदीर-घुशींच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत काढतो. आपल्याकडे नागपंचमीला बायका वारुळाला पुजावयास जातात, त्यांना हे सांगण्याची गरज नाही की सापाचे खरे घर कोणते. वारुळाच्या आत भर दुपारीही ऊब मध्यम असते आणि हवा ओलसर असते. तेव्हा सापाला पेटीत ठेवणाऱ्याने आफ्रिकेचे ऊन घरात आणावयाचे नसते, तेथले वारूळ आणावयाचे असते. पुष्कळांचे येथेच चुकते.

सापाला आपण थंड रक्ताचा प्राणी म्हणतो. हा शब्द फसवा आहे. उन्हात शेकलेल्या सापाचे रक्त तुमच्याआमच्याइतकेच उष्ण असू शकते. खरी गोष्ट एवढीच की ती उष्णता तो स्वतःच्या शरीरात निर्माण करीत नाही, बाहेरून घेतो. (अंड्यांभोवती वेढे घालून बसलेली भारतीय अजगराची मादी स्नायू पुनःपुन्हा आखडून अंड्यांना ऊब देते, हा त्यातला नवलाचा अपवाद.) भक्ष्य गिळल्यावर तो उबेकडे सरकतो, कारण उबेवाचून त्याचे अन्न पचत नाही, पोटातच कुजते किंवा ओकून पडते. पचन झाले की तो गारव्याकडे जातो. म्हणजे त्याला एक ठरावीक तापमान नको असते, तापमानांची निवड हवी असते. या जातीसाठी पेटीच्या एका टोकाला 31 ते 33 अंश आणि दुसऱ्या टोकाला 25 ते 27 अंश सेल्सिअस असावे, अशी जाणकारांची साधारण शिफारस आहे. रात्री थोडे उतरले तर चालते, पण 22 च्या खाली जाऊ नये.

मी काचेवर हात ठेवून म्हणालो, "ऊब तर आहे." आणि लगेच मला माझीच लाज वाटली. तीस वर्षे मी वर्गात तीन भांड्यांचा प्रयोग करून दाखविला होता: एक हात गरम पाण्यात, एक गार पाण्यात, मग दोन्ही कोमट पाण्यात, आणि एकच पाणी एका हाताला थंड, दुसऱ्याला ऊन कसे लागते ते मुलांकडून वदवून घेतले होते. आम्ही तापमापक मागविले. पेटीच्या तळाखाली विजेवर तापणारी पातळ चटई होती. तिच्यावरची जमीन 42 अंशांवर गेली होती, आणि पलीकडचे टोक सकाळी 18 वर होते, कारण रात्री घरातील हीटर बंद होत असत. चटईला थर्मोस्टॅट जोडलेला होता. पण त्याची तापमान जाणणारी तार चटईवरून घसरून बाहेर थंड फरशीवर पडली होती. त्या बिचाऱ्या यंत्राला फरशीचा गारवा कळत होता आणि ते अहोरात्र चटई तापवीत होते.

राजा भाजला नव्हता, हे त्याचे नशीब. अजगरांच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, अंधारातही त्याला उंदराची ऊब कळते; आणि तरीही पोटाखालचा पृष्ठभाग तापला असता साप तेथून वेळेवर उठत नाही आणि गंभीर रीतीने भाजतो, असा अनुभव पशुवैद्यांना वारंवार येतो. राजा वाचला त्याचे कारण वेगळेच होते. पेटीत लपावयाची जागा एकच होती आणि ती थंड टोकाला होती. साप ऊब आणि लपण यांपैकी एक निवडावयाचे झाल्यास बहुधा लपण निवडतो. उघड्यावर शेकत बसण्यापेक्षा तो अंधारात गारठत राहतो. म्हणून दोन्ही टोकांना एकेक लपण हवे, अंग दोन्हीकडून टेकेल इतके लहान. माझ्या मते साऱ्या उपकरणांहून या एका गोष्टीचे मोल अधिक आहे, आणि तिला खर्च काय, तर एक उपडी कुंडी.

आता ओलाव्याकडे वळू. पेटीच्या काचेवर एक गोल, काट्याचे आर्द्रतामापक चिकटविलेले होते आणि त्याचा काटा 60 वर होता. 50 ते 60 टक्के आर्द्रता या सापास बहुधा पुरते. कातीच्या दिवसांत थोडी अधिक लागते. मग कात का फाटली? मला त्या काट्याचा संशय आला. शाळेत करावयाचा एक सोपा प्रयोग मी स्वयंपाकघरात मांडला. बाटलीच्या बुचात मीठ घेऊन त्यात पाण्याचे काही थेंब टाकले; मीठ विरघळू नये, फक्त त्याचा ओलसर लगदा व्हावा. ते बूच आणि मापक एका हवाबंद पिशवीत घालून रात्रभर ठेवले. अशा पिशवीतील आर्द्रता 75 टक्क्यांवर येऊन स्थिरावते. मिठाचा तो गुणच आहे. सकाळी काटा 60 वरच होता. मग पिशवीतून काढून हीटरजवळ ठेवला, तरी तो 60 वरच! मुलगी इतकी हसली की तिची आई वर धावत आली. नवे अंकदर्शक मापक पेटीच्या तळाशी ठेवले, तेव्हा त्याने 26 दाखविले.

हे 26 आले कोठून? बाहेर शून्य अंशावर दाट धुके होते, हवा ओलाव्याने पूर्ण भरलेली होती. मग घरात इतका कोरडेपणा कसा? शून्य अंशाच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त पावणेपाच ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. 20 अंशांना 17 ग्रॅम, आणि 31 अंशांना 32 ग्रॅम. बाहेरची तीच हवा घरात येऊन 20 अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता 28 टक्के उरते, आणि सापाच्या उबदार कोपऱ्यात ती 15 टक्क्यांवर येते. घरात माणसे श्वास घेतात, चहा उकळतो, म्हणून प्रत्यक्षात आकडा थोडा वर असतो इतकेच. जो जो ऊब वाढवावी तो तो हवा तहानलेली होते. ग्वाल्हेरच्या मे महिन्यातील लू ज्यांनी सोसली आहे आणि वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारले आहे, त्यांना हा हिशेब निराळा समजावून द्यावयास नको. सापाच्या पेटीत उष्णता आणि आर्द्रता ही दोन वेगळी कामे नाहीत. एकाला हात लावला की दुसरे हलते.

साप कात टाकण्याच्या सुमारास त्याचे डोळे निळसर दुधी होतात, मग पुन्हा निवळतात आणि काही दिवसांनी कात सुटते. जुन्या व नव्या कातडीमध्ये जो द्रव पाझरतो त्यावर सारे अवलंबून असते. हवा कोरडी असली की कातडी सुटण्याऐवजी चिकटते. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक झाकण असते आणि तेही कातीबरोबर निघावे लागते. ते चिमट्याने ओढले तर डोळाच जाण्याचे भय. शेपटीवरचे कडे राहिले तर रक्त अडून टोक मरते.

स्थानिक पशुवैद्यांनी कोमट पाण्याने भिजविलेल्या मऊ फडक्यातून राजाला हलकेच सरपटू दिले, तसे शेपटीचे कडे निघाले. डोळ्याला त्यांनी हात लावला नाही. पुढच्या कातीपर्यंत थांबा आणि पेटी सुधारा, असे सांगितले.

पेटी सुधारण्यात माझे पुढचे चार दिवस फार आनंदात गेले. वरच्या जाळीतून ऊब आणि वाफ दोन्ही निघून जात होती, ती अर्ध्याहून अधिक झाकली. सगळी झाकली नाही, कारण हवा खेळली पाहिजे. तळाचा कागद काढून तेथे नारळाच्या सोडणाचा भुसा चांगला जाड पसरला. तो विटेसारखा दाबलेला मिळतो, पाण्यात टाकला की फुगतो, आणि भारत व श्रीलंका येथून जगभर जातो. कोकण-गोव्याच्या माणसाला परदेशी सापाच्या पेटीत तो पाहून गंमत वाटेल. हा भुसा पाणी धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. झाकणाच्या एका डब्याला भोक पाडून त्यात ओले शेवाळ भरले आणि तो डबा उबेच्या बाजूस ठेवला. कातीच्या वेळी सापाने तेथे जावे. थर्मोस्टॅटची तार चटईवर चिकटपट्टीने पक्की केली.

मुलीला मात्र आता दिवसातून तीन वेळा फवारा मारण्याची हौस आली. तिला आवरावे लागले. भुसा वरून चिंब राहिला आणि हवा कोंडली की सापाच्या पोटाच्या खवल्यांवर फोड येतात आणि ते चिघळतात. गारठा आणि ओल एकत्र आली तर फुप्फुस बिघडते. नाकपुडीशी बुडबुडे, उघडे तोंड, श्वासाची घरघर ही त्याची लक्षणे. पाणी कडेने तळाशी ओतावे, वरचा थर कोरडा राहावा, आणि मापक पाहून ओतावे.

भारतातील कोणी हे ऐकून साप पाळण्याच्या विचारात असेल, तर त्याने तो विचार सोडावा. नाग, धामण, आपला अजगर हे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. त्यांना घरी ठेवणे गुन्हा आहे. राजासारख्या परदेशी जातींचीही 2022 च्या दुरुस्तीनंतर सरकारदरबारी नोंद करावी लागते. पण सापाची ऊब आणि तहान ही गोष्ट आपल्याकडेही रोज घडते. नागपंचमीला गारुड्याचा नाग दूध पितो तो भक्तीने नव्हे. कित्येक दिवस कोरडा ठेवलेला तो जीव मिळेल ते द्रव पितो. वस्तीतून पकडलेला साप बंद प्लास्टिकच्या बरणीत घालून ती बरणी उन्हात ठेवली, तर त्याला घाम येत नाही, सावली मिळत नाही. बरणीतील हवा चाळिशीच्या वर गेली की तो थोड्याच वेळात मरतो. त्यापेक्षा चेन्नईजवळ वडनेम्मेली येथील इरुळा सर्पधारकांची पद्धत पाहावी. 1978 साली स्थापन झालेल्या त्यांच्या सहकारी संस्थेत विषासाठी आणलेले साप काही आठवडे मातीच्या मडक्यांत ठेवतात, खाली वाळू, तोंडाला सुती कापड. माठातले पाणी गार का राहते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ते मडके पाहून दुसरे काही विचारावे लागत नाही.

निघताना मी त्या मुलीला एक वही करून दिली: तारीख, दोन्ही टोकांचे तापमान, आर्द्रता. तिला एक गोष्टही सांगितली. अमेरिकेतील सेंट लुई येथील प्राणिसंग्रहालयात या जातीच्या एका मादीने 2020 साली अंडी घातली, तेव्हा तिचे वय साठीच्या पलीकडे असल्याचा अंदाज होता. "म्हणजे मी म्हातारी होईन तेव्हाही राजा असेल?" तिने विचारले. असेलही, मी म्हणालो. वही जाड आहे.

मार्चमध्ये तिचे छायाचित्र आले. जमिनीवर पसरलेली सव्वातीन फुटांची अखंड कात, नाकापासून शेपटीपर्यंत कोठेही फाटलेली नाही. मी ते मोठे करून डोक्याचा भाग पाहिला. डाव्या डोळ्याचे झाकण तेथे होते. उजव्या डोळ्याच्या जागी एकावर एक अशी दोन होती.