गैरहजर कोण?



विषयाचे ज्ञान, पाठाची तयारी, स्पष्ट वाणी हे गुण शिक्षकाच्या अंगी अवश्य असावेत. परंतु मूल शिकत नसेल, तर त्याचे कारण प्रथम आपल्या शिकविण्यात शोधणे, हा गुण मी या सर्वांच्या मुळाशी मानतो.

आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे १९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. वस्तीतील मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातूनच रूढ झाला. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळाही चालविली.

उमेदीच्या काळात मी एका मुलाच्या नावापुढे महिनाभर ‘गैरहजर’ अशी नोंद करीत होतो. अखेर त्याच्या घरी गेलो. वाचता आले नाही म्हणून मी त्याला वर्गात उभे केले होते. त्या दिवसापासून तो येईनासा झाला होता. मी ओट्यावर त्याच्याजवळ बसलो आणि बैल, विळा, पाऊस अशा त्याच्या ओळखीच्या शब्दांपासून वाचन आरंभिले. आठवड्याने तो वर्गात येऊन बसला. तो महिनाभर खरा गैरहजर मीच होतो.

आपणांवरील कामाचा भार मी जाणतो. तरीही आपल्या हजेरीपटात ज्याचे खाडे सर्वांत अधिक, त्या एका मुलाच्या घरी या आठवड्यात जाऊन यावे, एवढीच माझी विनंती आहे. शाळाभेटीस आल्यावर मी प्रथम त्याचीच चौकशी करीन.