वेगाच्या छंदासाठीं जुनी गाडी

जुनी मोटार विकत घेणारा मनुष्य सामान्यतः काटकसरी असतो. नवी गाडी परवडत नाहीं, बायकामुलांस घेऊन फिरावयाचें तर आहे, म्हणून तो दुसऱ्यानें वापरलेली गाडी पाहतो. आणि तिचें रनिंग जितकें कमी तितका तो खूष असतो. इंग्लंडांत मात्र जुनी गाडी घेणारांचा आणखी एक वर्ग आहे, व त्याची रीत नेमकी उलट आहे. हा गृहस्थ वीस वर्षें वापरलेली, दीड लाख मैल धांवून झालेली लहानशी गाडी मुद्दाम शोधून काढतो. तिच्यांतून तो बाजारहाट करीत नाहीं कीं कचेरींत जात नाहीं. महिन्या-दोन महिन्यांतून एकदां ती शर्यतीच्या बंद धांवपट्टीवर न्यावी, दिवसभर मनसोक्त पळवावी आणि संध्याकाळीं घरीं आणावी, एवढाच तिचा उपयोग. मोठ्या माणसांचें हें खेळणें होय. वरवर पाहतां हें निव्वळ वेड वाटतें. परंतु त्या वेडांत हिशेब किती आहे, आणि तो चुकला तर काय गमवावें लागतें, हें श्रोत्यांनीं ऐकण्यासारखें आहे.

या खेळासाठीं बहुधा जी गाडी घेतात ती हॅचबॅक जातीची असते. हिला सामानाची पेटी निराळी नसते. पाठीमागचें दार कांचेसकट वर उघडतें. ही जात मुळांत संसारी. परंतु १९७५ सालीं फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत फोक्सवॅगन कारखान्यानें आपल्या गोल्फ नांवाच्या घरगुती गाडींत ११० अश्वशक्तीचें इंजिन बसवून ‘जीटीआय’ हा नवा प्रकार मांडला. आरंभीं पांच हजार गाड्या करण्याचाच बेत होता; प्रत्यक्षांत त्या पहिल्या पिढीच्या साडेचार लाखांवर गाड्या खपल्या. १९८४ सालीं फ्रान्सच्या प्यूजो कारखान्याची २०५ जीटीआय आली. वजनानें हलकी, अंगानें आटोपशीर, आणि इंजिन मात्र आकाराच्या मानानें जबरदस्त, अशी ही परंपरा सुरू झाली. आठवडाभर टांग्यास जुंपावा आणि रविवारीं शर्यतींत सोडावा, अशा घोड्यासारख्या या गाड्या आहेत.

उदाहरणादाखल एकच गाडी घेतली म्हणजे पुढील विवेचन सोपें होईल. इंग्लंडांतील स्विंडन या गांवीं होंडा कंपनीचा कारखाना होता. तो २०२१ सालीं बंद झाला. तेथें २००१ ते २००५ या काळांत सिव्हिक टाइप-आर या नांवाची गाडी तयार होत असे. तिचें इंजिन दोन लिटरांचें, शक्ति २०० अश्वबळाची, आणि ती पूर्ण शक्ति मिनिटास ७,४०० फेऱ्यांवर मिळते. गाडीचें वजन सुमारें १,२०० किलो. या इंजिनाची एक खुबी आहे. सुमारें ५,८०० फेऱ्यांच्या पुढें गेलें कीं तेलाच्या दाबानें आंतील एक खिटी सरकते, आणि झडपा अधिक उंच व अधिक वेळ उघडूं लागतात. त्यासरशी इंजिनाचा आवाज बदलतो व गाडी नव्या दमानें झेपावते. म्हणजे या यंत्राचा प्राण तेलांत आहे. तेल कमी पडलें किंवा जळकें राहिलें कीं सर्वांत आधीं तेथेंच घात होतो.

आतां, दीड लाख मैल धांवलेली गाडी घ्यावी तरी कशासाठीं? पहिलें कारण अर्थातच किंमत. जी वस्तु मोडण्याचा संभव आहे ती स्वस्तच असावी. परंतु दुसरें कारण अधिक विचार करण्यासारखें आहे. मैलांचा आंकडा हें गाडीचें वय सांगतो, प्रकृति सांगत नाहीं. इंजिनाची झीज बरीचशी थंड स्थितींत होते. रोज अर्धा मैल जाऊन बंद केलेलें इंजिन धड तापत नाहीं. त्याच्या तेलांत पाण्याचा अंश व कच्चें पेट्रोल सांठत जातें. उलट, हमरस्त्यावरून रोज शंभर मैल एकाच गतीनें गेलेली गाडी पुष्कळ धांवते खरी, पण सुखानें धांवते. म्हणून पावत्यांची जाड फाईल सोबत असलेली दीड लाख मैलांची गाडी ही कागदपत्र नसलेल्या साठ हजार मैलांच्या गाडीपेक्षां पुष्कळदां चांगली निघते.

ही प्रकृति ओळखण्याचें एक उत्तम साधन ब्रिटनमध्यें आहे. तेथें तीन वर्षांहून जुन्या गाडीची दरसाल सक्तीची तपासणी होते. तिला एमओटी म्हणतात. गाडीचा क्रमांक घातला कीं मागील अनेक वर्षांच्या तपासण्यांचा इतिहास कोणासही इंटरनेटवर फुकट पाहावयास मिळतो. त्यांत दर वर्षाचा मैलांचा आंकडा असतो. तेव्हां कोणी कांटा मागें फिरविला असेल तर तें तेथल्या तेथें उघडकीस येतें. पण त्याहूनहि मोलाची गोष्ट म्हणजे तपासनिसानें दिलेल्या सूचना. ‘ब्रेकच्या नळ्यांस गंज चढूं लागला आहे’ अशी सूचना एका वर्षीं दिसावी आणि पुढील वर्षीं नाहींशी व्हावी, हें मालक जागरूक असल्याचें लक्षण. तीच सूचना लागोपाठ चार वर्षें दिसली तर पुढें कांहीं पाहण्याचें कारण नाहीं. ज्यानें ब्रेककडे दुर्लक्ष केलें त्यानें तेलाकडे लक्ष दिलें असेल, असें समजणें भाबडेपणाचें आहे.

कागद पाहून झाले कीं गाडी पाहावी, आणि ती थंड असतांना पाहावी. बॉनेटवर हात ठेवला व तो ऊन लागला, तर विकणारानें इंजिन आधींच चालवून ठेवलें आहे असें समजावें. या होंडा गाडींत पट्ट्याऐवजीं टायमिंगची सांखळी असते. ती किंवा तिला ताण देणारा भाग झिजला असेल तर थंड इंजिन सुरू होतांच क्षणभर खडखड ऐकूं येते. तापलेलें इंजिन ही चहाडी करीत नाहीं. नंतर तेलाची पट्टी ओढून पातळी पाहावी. पुढें गाडी चालवितांना दुसरा व तिसरा गिअर चपळाईनें टाकून पाहावा. दांते खरखरले तर पेटी उघडण्याचा खर्च किंमतींतून वजा करावा. शेवटीं गुडघे टेकून गाडीखालीं नजर टाकावी. ब्रिटनमध्यें हिंवाळ्यांत रस्त्यांवर मीठ पसरतात, आणि तें मीठ मागल्या चाकांवरील कमानी व दारांखालचा पत्रा खाऊन टाकतें. झिजलेलें रबरी बुश बदलतां येतें. सांगाडाच कुजला असेल तर तेथें पैसा घालणें म्हणजे वाळूंत पाणी ओतणें होय.

येथें घासाघीस करून गाडी मिळाली, आणि खरेदीदारानें हातांतील सगळे पैसे तिच्यांतच घातले, तर त्यानें पहिली आणि सर्वांत मोठी चूक केली. आपल्याकडे ‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण उपहासानें वापरतात. या व्यवहारांत मात्र तोच शहाणपणा आहे. गाडीच्या किंमतीइतकी रक्कम निराळी राखून ठेवावी, आणि तिच्यांतील पहिला पैसा ब्रेकवर खर्च करावा.

याचें कारण शाळेंतील पदार्थविज्ञानांतच आहे. वेग दुप्पट झाला कीं गतीची ऊर्जा चौपट होते. १,२०० किलोंची गाडी ताशीं १६० किलोमीटर वेगानें जात असतां ती उभी करावयाची म्हटलें, तर जी उष्णता निर्माण होते तिच्यावर सुमारें साडेतीन लिटर थंड पाणी उकळीला येईल. ही सगळी उष्णता कांहीं सेकंदांत ब्रेकच्या तबकड्यांनीं व पॅडनीं पोटांत घ्यावयाची. रस्त्यावर असा प्रसंग वर्षांतून एखादे वेळीं येतो. धांवपट्टीवर वेग अगदीं शून्यावर आणावा लागत नसला तरी असे हिसके दर फेरींत कित्येकदां बसतात. शिवाय ब्रेकच्या नळ्यांतील द्रव हवेंतील ओलावा शोषून घेतो. ‘डॉट ४’ या प्रतीचा नवा द्रव निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे. ओलावा मुरलेल्या द्रवासाठीं हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. द्रव उकळला कीं त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पायाखालचें पेडल कांहींएक प्रतिकार न करतां तळाशीं जातें.

केंट परगण्यांत ब्रँड्स हॅच नांवाची धांवपट्टी आहे. तिचें पहिलेंच वळण, पॅडॉक हिल, उजवीकडे वळतें आणि वळतां वळतां एकदम खालीं उतरतें. सरळ पट्ट्यावरून वेगानें आलेल्या माणसाचें पेडल त्या ठिकाणीं तळाशीं गेलें तर दोनशें अश्वशक्ति त्याच्या काय कामाची? द्रवाच्या एका बाटलीची आणि चार नव्या पॅडची किंमत त्या क्षणीं कळते. म्हणून जाणते लोक नवा द्रव, उष्णता सोसणारे पॅड, चांगले टायर आणि ताजें तेल एवढ्या चार गोष्टी आधीं करतात. इंजिनाची शक्ति वाढविण्याची गोष्ट शेवटीं काढतात, किंवा मुळींच काढीत नाहींत.

ज्या पट्ट्यांवर हा खेळ चालतो त्यांतील सिल्व्हरस्टोन, स्नेटर्टन, कॅसल कूम यांसारख्या कित्येक जागा दुसऱ्या महायुद्धांत विमानतळ होत्या. बाँबफेकी विमानांसाठीं बांधलेल्या वाटांवर आज हौशी माणसें आपल्या जुन्या गाड्या पळवितात. तेथला दिवस शर्यतीचा नसतो. वेळ मोजण्यास बहुधा बंदीच असते. सकाळीं सर्वांस नियम समजावून देतात; शिरस्त्राण सक्तीचें असतें; पुढें जावयाचें तें सरळ पट्ट्यावर, ठरलेल्या बाजूनें आणि पुढच्यानें वाट दिल्यावरच. गाडीचा आवाजहि मोजतात, आणि तो फार असेल तर तिला परत पाठवितात. शेवटची फेरी सावकाश मारून ब्रेक थंड होऊं द्यावे, आणि गाडी थांबल्यावर हँडब्रेक न ओढतां ती गिअरमध्यें ठेवावी, असे बारीकसारीक पाठ नवशिक्यास तेथेंच मिळतात.

सर्वांत मोठा पाठ मात्र गाडी स्वतः देते. पुढल्या चाकांवर चालणारी अशी हलकी गाडी वळणांत असतां घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला, कीं भार पुढें झुकतो, मागलीं चाकें हलकीं होतात आणि शेपूट बाहेर फिरतें. २०५ जीटीआय तर या गुणासाठीं प्रसिद्धच होती. भीतीनें केलेली हालचालच घातक ठरते, हें सत्य मोकळ्या गवताच्या कडेला, पैलतीरीं झाड किंवा माणूस नसतांना कळावें, हें केव्हांहि बरें. आणि यासाठींच गाडी जुनी व स्वस्त हवी. नेहमींचा विमा धांवपट्टीवरील नुकसान सहसा भरून देत नाहीं. जी गाडी भिंतीवर आपटली असतां घरांतील चूल बंद पडेल, ती गाडी तेथें नेण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. गेली तर गेली, असें म्हणून ज्याला रेल्वेनें घरीं येतां येईल, त्यानेंच हा छंद करावा.

हा छंद आपल्या देशासहि अगदीं परका राहिलेला नाहीं. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथें १९९० सालापासून धांवपट्टी आहे. कोइमतूर येथें कारी मोटर स्पीडवे आहे. ग्रेटर नोइडा येथील ५.१२५ किलोमीटर लांबीची बुद्ध सर्किट ही पट्टी २०११ सालीं सुरू झाली. पुण्याजवळच्या चाकण येथें २०२२ सालापर्यंत तयार होणाऱ्या पोलो या हॅचबॅकसाठीं तर २०१० सालीं स्वतंत्र शर्यतमाला सुरू झाली होती. पण आपल्या शहरांत पुष्कळ तरुणांस वेगाची हौस भागविण्यास मध्यरात्रींचा सार्वजनिक रस्ताच जवळचा वाटतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमानें तेथें शर्यत लावणें गुन्हा ठरविलें आहे; आणि कायदा नसता तरी त्या रस्त्यावर दूधवाला, रखवालदार आणि रात्रपाळीहून परतणारी परिचारिका असतेच.

घरांतील मुलानें जुनी, पुष्कळ धांवलेली गाडी घेऊन धांवपट्टीवर जाण्याची गोष्ट काढली, तर वडिलांनीं एकदम डोक्यांत राख घालून घेऊं नये. गाडीची शक्ति किती, हा प्रश्न मुलगा आधींच पाठ करून आलेला असतो. वडिलांनीं त्यास एवढेंच विचारावें, कीं ब्रेकमधला द्रव कधीं बदलला, त्याची पावती कोठें आहे, आणि गाडी मोडली तर दुसऱ्या दिवशीं कामावर कशानें जाणार. या तिन्ही प्रश्नांस ज्याच्यापाशीं उत्तर आहे, त्याच्या हातीं किल्ली देण्यास फारशी हरकत नसावी.