‘आम्ही’ आणि ‘आपण’

(शेंदूरजनाघाट येथील व्याख्यानाचा मजकूर)



मराठीला एक सोय आहे, ती रशियन भाषेला नाही. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. येवगेनी झाम्यातिन याच्या कादंबरीचे नाव मराठीत आणायचे तर कोणते सर्वनाम योजावे? उत्तर ‘आम्ही’ असेच द्यावे लागते. ते का, हे पाहणे समाजवादी कार्यकर्त्याला अगत्याचे आहे.

झाम्यातिन क्रांतीचा वैरी नव्हता. १९०५ च्या उठावात बोल्शेविक म्हणून त्याने तुरुंगवास भोगला होता. त्याची ही कादंबरी १९२४ मध्ये न्यूयॉर्कला इंग्रजीत निघाली. सोव्हिएट भूमीवर ती छापली जाण्यास १९८८ साल उजाडावे लागले. तीत माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. घरे काचेची. घास पन्नास वेळा चावायचा, तोही सर्वांनी एका तालात. या राज्याचा द्रष्टा मार्क्स नव्हे. अमेरिकन कारखान्यात कामगाराची प्रत्येक हालचाल घड्याळ लावून मोजणारा टेलर होय. जुन्या वाङ्मयातील श्रेष्ठ ग्रंथ कोणता, तर रेल्वेचे वेळापत्रक! समाजवादाचे वाभाडे म्हणून ही कादंबरी मिरवणारे टेलर कोणत्या व्यवस्थेचे अपत्य हे सोयीने विसरतात. अर्थात १९१८ मध्ये लेनिननेही टेलरपद्धती अभ्यासण्याचा आग्रह धरला होता, हेही झाकून ठेवण्याचे कारण नाही.

येथील रोपवाटिकांत जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात, तो झाड खात्रीचे निपजावे म्हणून. बागाईतदाराची ही अपेक्षा रास्तच. परंतु खात्रीची माणसे निपजविण्याची हौस राज्यकर्त्याला जडली की काय होते, ते पाहण्यास रशियापर्यंत जाण्याची गरज नाही.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. गाड्या वेळेवर धावतात, ही तिची लाडकी फुशारकी. पुष्कळ सुशिक्षितांना ती पटलीही. वेळापत्रकापाठोपाठ उद्दिष्टे आली. १९७५-७६ मध्ये देशात सुमारे २७ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या होत्या. पुढच्याच वर्षी त्या ८२ लाखांवर गेल्या. तीन मुले झालेल्या दांपत्याला नसबंदीची सक्ती करणारे विधेयक १९७६ मध्ये संमत केले ते पुरोगामी म्हणविणाऱ्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, एवढेच. दारिद्र्य हटविण्याच्या नावाने दरिद्र्याच्याच देहावर हात टाकला गेला. त्याला कोणी विचारले नव्हते. बोलणाऱ्यांची भाषा मात्र ‘आपण सर्व’ अशीच होती. ‘आम्ही’ने ‘आपण’चा अंगरखा घातला म्हणजे तो ओळखणे कठीण जाते.

झाम्यातिनने १९३१ मध्ये स्तालिनला पत्र लिहून देश सोडण्याची परवानगी मागितली. ती मिळाली आणि १९३७ मध्ये तो पॅरिसला वारला. दुर्गाबाई भागवतांनी परवानगी मागितली नाही. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात त्या अध्यक्ष होत्या. स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. बंदिवासात प्रकृती ढासळलेल्या जयप्रकाशांना आरोग्य लाभावे म्हणून प्रार्थना करण्याचे आवाहन त्यांनी त्या व्यासपीठावरून केले. पुढल्या वर्षी त्यांना अटक झाली.