खेपेचा हिशेब : टक्केवारी की किलोमीटर?

(धामणगाव बढे, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा येथे ट्रकचालकाच्या व्यवसायात नव्याने पडणारे तरुण, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या भागातील शेती पावसावर अवलंबून आहे आणि मलकापूर, नांदुरा, खामगाव ही मुंबई-नागपूर मार्गावरील गावे आपल्यापासून फार दूर नाहीत. त्यामुळे घरातील एखादा मुलगा ट्रकवर जाणे ही येथे नवलाची गोष्ट नव्हे. वयाची वीस वर्षे पूर्ण झाल्याखेरीज मालवाहू वाहन चालविता येत नाही, आणि त्यासाठीचा शिकाऊ परवाना मिळण्यापूर्वी हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्ष जवळ असावा लागतो, ही माहिती सर्वजण मिळवितात. परंतु वेतन कोणत्या मापाने मोजले जाणार, ही चौकशी बहुधा गाडीची किल्ली हाती आल्यावरच सुरू होते. आज त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

मोबदल्याच्या मुख्य पद्धती तीन. पहिली, ठराविक मासिक पगार व प्रवासातील भत्ता. दुसरी, खेपेच्या भाड्यात शेकडा अमुक इतका वाटा. तिसरी, दर किलोमीटरला ठरलेला दर. शेतकऱ्याला हे प्रकार परके नाहीत. सालदार आणि बटईदार यांतील भेद आपण जाणतोच. पीक बुडाले तरी सालदाराचे साल बुडत नाही. बटईदार मात्र पिकाबरोबर तरतो किंवा बुडतो. टक्केवारीवरचा चालक हा एका अर्थाने रस्त्यावरचा बटईदार आहे. फरक इतकाच की, बटईदाराला रास डोळ्यांनी दिसते. चालकाला भाड्याची रक्कम पुष्कळदा दिसतही नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मलकापूरहून मुंबईस जाऊन परत येण्याचे अंतर सोयीसाठी १,००० किलोमीटर धरू. जातानाचे भाडे ३०,००० रुपये व परतीचे २०,००० रुपये, म्हणजे एकूण ५०,००० रुपये. चालकाचा वाटा शेकडा ८ असेल, तर त्याला ४,००० रुपये मिळतील. किलोमीटरला ४ रुपये दर असेल, तरीही ४,००० रुपयेच मिळतील. कागदावर दोन्ही पद्धती सारख्या दिसतात.

आता परतीच्या मालाचा बाजार उतरला आणि भाडे १०,००० रुपयांवर आले असे समजा. टक्केवारीवरच्या चालकाला ३,२०० रुपये मिळतील; किलोमीटरवाल्याचे ४,००० कायम राहतील. श्रम, अंतर, जागरण सर्व तेच. पण पहिल्याचे ८०० रुपये गेले. भाडे ठरविण्यात ज्याचा शब्द चालत नाही, त्याने भाड्याच्या चढउताराचा भार उचलला.

याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे टक्केवारी कशाची? संपूर्ण भाड्याची, की डिझेल, टोल, दलाली, हमाली वजा जाऊन उरलेल्या रकमेची? वरील ५०,००० रुपयांतून ३२,००० रुपये खर्च वजा केला, तर शिल्लक १८,००० रुपयांवर शेकडा ८ म्हणजे अवघे १,४४० रुपये होतात. “आठ टक्के” हा शब्द एकच. पण एका अर्थाने चार हजार, दुसऱ्या अर्थाने दीड हजारही नाहीत. बोली ठरविताना हा खुलासा झाला नाही, तर पुढे भांडणाला कारण मिळते. टक्केवारीचा आणखी एक धोका आहे. भाडे टनावर ठरत असेल, तर जादा माल भरण्याचा मोह मालकाइतकाच चालकालाही होतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. घाटात ब्रेक लागला नाही, तर होणारी हानी या दंडाच्या हिशेबात बसत नाही.

मग किलोमीटरची पद्धत निर्दोष म्हणावी काय? तसेही नाही. मीटर फिरते तेव्हाच मजुरी चालू राहते. माल उतरवून घेण्यासाठी गाडी गोदामाबाहेर चार दिवस उभी राहिली, तर चार दिवसांची खेप आठ दिवसांवर जाते आणि रोजचे १,००० रुपये ५०० वर येतात. त्या चार दिवसांत चालक घरी नसतो. गाडी व माल राखीत असतो. ते कामच होय, परंतु किलोमीटरच्या मापात त्याची नोंद होत नाही. टक्केवारीच्या मापातही होत नाही. शिवाय राजूर घाटातील एक किलोमीटर आणि सपाट महामार्गावरील एक किलोमीटर यांना हा दर एकच समजतो. परतीचा माल न मिळाल्यास रिकाम्या गाडीचे किलोमीटर धरावयाचे की नाही, हाही वादाचा विषय होतो.

दोन्ही पद्धतींत एक समान दोष आहे. थांबला की कमाई थांबते, म्हणून झोप मोडून गाडी हाकण्याकडे मन झुकते. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने सर्वसाधारणपणे दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. परंतु तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांनाच लागू असे, आणि आपल्याकडे एकदोन गाड्यांचे मालक पुष्कळ. युरोपीय संघाने २००६ च्या नियमात याच मुळावर बोट ठेवले. अंतरावर किंवा वाहिलेल्या मालाच्या प्रमाणावर आधारलेला मोबदला रस्त्यावरील सुरक्षितता धोक्यात आणीत असेल, तर असा मोबदला देण्यास तेथे मनाई आहे. अपघाताचे बीज कित्येकदा वेतनाच्या करारातच पेरलेले असते, हे त्या नियमाने मान्य केले.

नव्या चालकाने काय स्वीकारावे? माझे मत स्पष्ट आहे. पहिली दोन-तीन वर्षे ठराविक मासिक पगार हा पाया असावा. त्यावर किलोमीटरचा माफक दर चालेल. मात्र रिकामे किलोमीटर त्यात धरावेत आणि थांबलेल्या दिवसांचा भत्ता वेगळा असावा. ज्याला रस्ते, बाजार, दलाल यांची ओळख झाली आहे आणि ज्याला प्रत्येक खेपेची बिल्टी पाहावयास मिळते, त्यानेच टक्केवारीचा विचार करावा. नवख्याने केवळ मोठ्या आकड्याला भुलून टक्केवारी पत्करणे म्हणजे न पाहिलेल्या शेताची बटई घेणे होय.

लहान मालकाची अडचणही आपण समजून घेतली पाहिजे. गाडीचा हप्ता त्याला दरमहा भरावा लागतो, भाडे मात्र उशिरा हाती येते. म्हणून त्याला टक्केवारी सोयीची वाटते. परंतु तोटा सोसण्याची शक्ती दोघांत अधिक कोणाची, याचा विचार झाला पाहिजे. थकलेल्या चालकाच्या हाती दिलेली गाडी मालकालाही परवडणारी नाही.

कायद्याचा आधार आहे. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. काम नगावर मोजले जात असले, तरी शासनाने वेळेनुसार किमान वेतन ठरविले असेल तेथे त्याहून कमी देता येत नाही. मासिक वेतन पुढील महिन्याचा सातवा दिवस संपण्यापूर्वी द्यावयाचे असते. नुकसानीबद्दल कपात करावयाची तर चालकाची चूक सिद्ध व्हावी लागते, त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते, आणि सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. कामावर असताना अपघाती मृत्यू आला, तर कुटुंबाची भरपाई मासिक वेतनावरून मोजली जाते. ज्याच्या वेतनाचा कागदच नाही, त्याची विधवा ते वेतन कशाने सिद्ध करणार? साध्या कागदावरील दोन ओळींचे महत्त्व येथे कळते.

येथे पंचायत सदस्यांचे व शिक्षकांचे कार्य सुरू होते. वेतनाची पद्धत, टक्केवारी कशावर, थांबल्याचा भत्ता, उचल किती व तिची फेड कशी, या पाच-सहा बाबींचा साधा करारनामा मराठीत तयार करून तो ग्रामपंचायतीत ठेवता येईल. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीसाठी पात्र चालकांना मार्गदर्शन करता येईल. आठवी-नववीच्या वर्गात शेकडेवारी शिकविताना नफा-तोट्याच्या ठरीव गणितांबरोबर एखाद्या खेपेचा हिशेबही फळ्यावर मांडता येईल. ज्या मुलाने तो एकदा सोडविला, तो उद्या आपल्या वाट्याचा हिशेब विचारताना अडखळणार नाही. प्रत्येक चालकाने खिशात एक लहान वही ठेवावी आणि तारीख, अंतर, भाडे, उचल व थांबलेले दिवस तीत रोज लिहावेत.

ट्रकचालक आपला कापूस गिरणीपर्यंत नेतो आणि आपले खत, सिमेंट, औषध गावापर्यंत आणतो. त्याला मिळणारे दाम त्याच्या श्रमाचे असावे, जागरणाचे नसावे, एवढी दक्षता आपण सर्वांनी घेतली, तर या व्यवसायात पडणारा आपल्या गावचा तरुण सन्मानाने कमवील आणि सुखरूप घरी परतेल.